गचपणाचा हिशेब

2025 साली पाऊस मे महिन्यातच मुंबईत येऊन धडकला. त्यानंतरच्या एका रविवारी मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढावर थांबलो होतो, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवरून बारीक तडतड ऐकू येत होती, जशी भट्टीत लाह्या फुटताना येते. पुढे चाललेल्या एका कुटुंबातल्या मुलाने आवाज कसला म्हणून विचारले. वडिलांनी मोबाइलमधून मान वर काढून उत्तर दिले, “काही नाही रे, गचपण आहे. भिजलं की तडतडतं.” निरीक्षण अचूक होते. उन्हाळाभर वाळलेली बोंडे पहिल्या पावसात ओल शोषून घेत होती आणि फुटताना आतले बी जोराने दूर फेकत होती. मात्र ज्याला ते गचपण म्हणत होते ती कारवी होती. आठ महिन्यांपूर्वी, सप्टेंबर-ऑक्टोबर 2024 मध्ये, याच काठ्या जांभळ्या-निळ्या फुलांनी लगडल्या होत्या आणि ती फुले पाहायला लोक पहाटेच्या गाड्या पकडून आले होते. कदाचित हे कुटुंबही त्यांच्यात असेल.

एकाच झुडपाला फुलात असताना ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणायचे आणि फुले गळाली की गचपण म्हणायचे, ही या शहराची जुनी सवय आहे. ती फक्त बोलण्यापुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपले सरकारी हिशेब, वृक्षारोपणाचे उपक्रम आणि जंगलात राहणाऱ्या माणसांना आपण दिलेले किंवा नाकारलेले हक्क या सर्वांत ती सवय मुरलेली आहे. मुंबई झाडे मोजते आणि झुडपे सोडून देते. माझ्या मते ही मोजणीच मुळात चुकीची आहे, आणि तिची किंमत आपण दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात मोजतो.

आधी कारवीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिचा फोटो सर्वांनी पाहिला असला तरी तिचे आयुष्य फारसे कोणाला ठाऊक नसते. शास्त्रीय नावाने ती स्ट्रोबिलॅन्थिस कॅलोसा. कूळ अडुळशाचेच. सह्याद्रीच्या उतारांवर ती दाट रान करून वाढते आणि माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जाते. पाने मोठी, खरखरीत आणि कडांना दातेरी असतात. दर पावसाळ्यात ती हिरवीगार होते आणि पावसाळा सरला की हळूहळू पाने टाकून नुसत्या काठ्यांच्या रूपात उभी राहते, इतकी की नवख्याला ती मेलेलीच वाटावी. अशी सात वर्षे काढल्यावर आठव्या वर्षी एका भागातली बहुतेक सगळी कारवी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. बोरिवलीच्या जंगलात 2008, 2016 आणि 2024 ही तिची वर्षे झाली. म्हणजे पुढचा मोठा फुलोरा 2032 च्या आसपास अपेक्षित आहे. मध्येच एखादे झुडूप चुकार फुलते, आणि दुसऱ्या डोंगरावरचे वर्ष वेगळे असू शकते. पण ज्या रानाचे वर्ष ठरले आहे त्या रानाचे सगळे भांडवल एकाच हंगामाच्या बियांत असते. तो हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी भरपाई करू, अशी सोय या झुडपाला नाही.

हे मला कळायला फार उशीर झाला. जुलै 2015 मध्ये गोरेगाव पूर्वेच्या एका डोंगरउतारावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता आणि मी हौसेने त्यात गेलो होतो. एकाच रंगाचे टी-शर्ट, नाश्त्याला वडापाव, फावडी, कुदळी आणि रोपांनी भरलेला टेम्पो अशी सगळी तयारी होती. रोपेही वाईट नव्हती. करंज होते, बहावा होता, कांचन होता, म्हणजे निवडणाऱ्याने देशी झाडांचा विचार केलेला होता. प्रश्न जागेचा होता. खड्डे घेण्याआधी ‘गचपण साफ करून घ्या’ अशी सूचना आली आणि आम्ही तीस-चाळीस जणांनी अर्ध्या दिवसात उतारावरची खरखरीत पानांची, डोक्याच्या वर गेलेली झुडपे कोयत्याने सपाट केली. त्या दिवशी मला स्वतःचा मोठा अभिमान वाटला होता. पुढच्या वर्षी शेजारचा उतार जांभळा झाला तेव्हा ओळखीच्या एका वनस्पतीच्या अभ्यासकाने माझा जुना फोटो पाहून शांतपणे विचारले, की तुमच्या हातात ही जी मोळी आहे ती कारवीचीच ना? सात वर्षे वाढलेली, फुलायला एक वर्ष उरलेली कारवी आम्ही तोडली होती. आमच्या रोपांपैकी थोडीच मे महिना पाहू शकली. त्या उतारावर आता लाल मातीच्या घळी पडल्या आहेत आणि मधोमध एक बहावा उभा आहे. तो दर उन्हाळ्यात सुंदर फुलतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

त्या उपक्रमाच्या अहवालात किती झाडे लावली याचा आकडा निश्चितच असणार. किती कारवी तोडली हा रकानाच त्यात नसणार, कारण असा रकाना आपण कुठेच ठेवलेला नाही. बोलीत आपण जास्वंदीलाही झाड म्हणतो आणि तुळशीलाही. सरकारी भाषेत मात्र ‘वृक्ष’ म्हटले की खोड आले, छातीच्या उंचीवरचा घेर आला आणि रंगाने लिहिलेला क्रमांक आला. कारवीला एक खोड नसते, जमिनीतून काठ्यांचा झुबकाच निघतो. मग घेर कशाचा घ्यायचा आणि क्रमांक कुठे लिहायचा? महापालिकेच्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे 29.75 लाख झाडे नोंदवली गेली, आणि तो आकडा प्रत्येक वादात दोन्ही बाजू वापरतात. आरेतील मेट्रो कारशेडचा वाद आठवून पाहावा. 2,185 झाडे तोडण्याची परवानगी होती. ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडे पडली होती. रस्त्यावर उतरलेल्या लोकांच्या फलकांवर हेच आकडे होते आणि सरकारच्या खुलाशातही हेच. मीही तेव्हा हेच आकडे तोंडपाठ केले होते. त्या जमिनीवर झाडांखाली आणि झाडांच्या मध्ये काय उगवत होते, हा प्रश्न आमच्या बाजूनेही फारसा कोणी लावून धरला नाही. वाद मोजणीच्या भाषेत सुरू झाला की ज्याची मोजणीच नाही त्याच्या बाजूने कोण बोलणार?

त्या मोजणीतून निघणारी भरपाईही तशीच असते. एक झाड तोडले तर अमुक झाडे दुसरीकडे लावा, असे सांगितले जाते. ‘दुसरीकडे’ म्हणजे मुंबईत कुठे? शहरात मोकळी सपाट जमीन नाही, म्हणून ही रोपे डोंगरउतारांवर, कुरणांत आणि झुडपी रानात जातात. तिथे खड्डा घ्यायचा तर गचपण साफ करणे ओघाने आलेच. अशा रीतीने एका ठिकाणच्या झाडांची भरपाई दुसऱ्या ठिकाणची कारवी भरते, आणि दोन्ही ठिकाणचे कागद नियमाला धरून असतात. यात कोणी लबाडी केलेली असावीच असे नाही. रकानाच नसेल तर प्रामाणिक अधिकारीसुद्धा तो भरू शकत नाही.

झुडपे गेल्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना मी विहार आणि तुळशी तलाव दाखवीन. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, आणि दोन्ही राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांमध्ये वसलेले. दहिसर नदी आणि मिठी नदी याच डोंगरांतून निघतात. पावसाळ्यात या उतारांवर पाणी कोसळते तेव्हा मोठ्या झाडाची फांदी ते वरच्या वर झेलते खरी, पण तिच्यावरून ओघळणारे टपोरे थेंब खाली पडतात ते जमिनीवरच. तिथे कारवीची रुंद पाने आणि मुळांची दाट जाळी असेल तर पाण्याचा वेग मोडतो. नसेल तर पाणी माती घेऊन उतरते. ती माती नाल्यात येते, नाल्यातून नदीत येते, आणि मग दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची कंत्राटे निघतात, त्यावर आरोप होतात, गाळ खरोखर काढला की कागदावरच काढला याच्या चौकशा लागतात. डोंगरावरची माती डोंगरावरच धरून ठेवणारे झुडूप फुकट काम करते, आणि फुकटच्या कामाची निविदा निघत नसल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

इथे एक मोह टाळायला हवा. झुडपे वाचवायची म्हटली की आपल्याकडे लगेच ‘औषधी वनस्पती’ ही पाटी काढली जाते. कारवीला औषधी परंपरा आहे यात शंका नाही. पोटाच्या तक्रारींवर तिच्या पानांचा रस आणि सुजेवर तिचे मूळ वा साल वापरणाऱ्या आदिवासी वैद्यकीच्या नोंदी आहेत. तिच्या मुळांतून वेगळे काढलेल्या ल्युपिऑल या द्रव्याने प्राण्यांवरील प्रयोगांत सूज कमी झाल्याचेही संशोधकांनी मांडलेले आहे. परंतु प्राण्यांवरचा प्रयोग म्हणजे औषध नव्हे, आणि पाड्यावरची आजी जे प्रमाण हाताच्या अंदाजाने ठरवते ते ऐकीव माहितीवर घरी करून पाहण्यासारखे नसते. माझी भीती मात्र वेगळीच आहे. औषधी म्हणून नाव झालेली वनस्पती रानातून पोत्यांनी उचलली जाते, हा आपला अनुभव आहे. अडुळसा त्यातून वाचला, कारण तो कुंपणाला फांदी लावली तरी जगतो आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. खोकल्याच्या बाटलीने त्याला घराघरांत ओळख दिली आणि सोसायटीच्या कडेला जागाही दिली. कारवी अशी कुंडीत वाढवून, छाटून, पुन्हा फुटवून घेण्याच्या जातीची नाही. तिच्या मुळांची चार पैशांची पावडर बाजारात येण्यापेक्षा ती अनोळखी राहिलेली बरी. तिचे मोल उतारावर उभे राहण्यात आहे, आणि औषध म्हणून काही सिद्ध झाले नाही तरी त्या मोलात तसूभर घट होत नाही.

तिचा खरा आणि मोठा उपयोग घरबांधणीचा आहे. कारवीच्या सरळ काठ्या एकमेकींना लावून बांधायच्या, वर शेण-मातीचा लेप द्यायचा, की कुडाची भिंत तयार होते. वारली, महादेव कोळी, काथोडी अशा समाजांची घरे पिढ्यान्‌पिढ्या अशी उभी राहिली. ज्या वारली चित्रांचा आज आपल्याला एवढा अभिमान आहे ती मुळात अशाच कुडावर गेरूने सारवून तांदळाच्या पिठाने काढलेली असत. आता ती चित्रे उड्डाणपुलांच्या खांबांवर आहेत, साड्यांवर आहेत, चहाच्या कपांवर आहेत. चित्र आपण उचलले. ज्या भिंतीवर ते होते ती भिंत बांधायची काठी मात्र चित्र काढणाऱ्याला सहज मिळत नाही. जंगलाच्या कडेच्या एका पाड्यावर मला एक घर दाखवले गेले. मागची भिंत कारवीच्या कुडाची होती, हात लावला तर दुपारीही गार लागणारी, आणि पुढची पत्र्याची. घरातल्या आजींना मी विचारले, की दोन्हीकडे कूड का नाही? त्या म्हणाल्या, “पत्रा तापतो रे बाबा, रात्रीपत्तुर तापतो. पण पत्रा आणायला कोणाला विचारावं लागत नाही.”

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे राष्ट्रीय उद्यानातून काडीही नेता येत नाही, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्याच जोडीला वनहक्क अधिनियम, 2006 आहे, हे मात्र सोयीने विसरले जाते. त्या कायद्यातील वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्याने येतात, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, वेत, मध यांच्याबरोबर झुडपी काटक्या आणि औषधी वनस्पतीही येतात. म्हणजे ज्यांचा हक्क शाबीत होईल त्यांना कारवीची काठी मिळावी ही मागणी दयेची नाही, कायद्याची आहे. अतिक्रमणे हटवण्याचा न्यायालयीन आदेश, पुनर्वसनाचे रखडलेले प्रश्न, आणि कोण मूळ रहिवासी व कोण नंतर आलेला यावरचे वाद यांनी मुंबईतला हा विषय इतका गुंतलेला आहे, की दावे पुढे सरकतच नाहीत. तो गुंता एका लेखात सुटणार नाही. पण काठीचा प्रश्न त्या गुंत्यातून वेगळा काढता येतो, आणि तो काढण्यात जंगलाचाच फायदा आहे.

हा फायदा वणव्याच्या संदर्भात पाहावा. फुलोरा संपल्यानंतरचा उन्हाळा कारवीच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ असतो. आठ वर्षांचे सगळे बी वाळलेल्या काठ्यांवर, उघड्यावर, पहिल्या पावसाची वाट पाहत लटकलेले असते. त्या चार महिन्यांत कोणी फेकलेली विडी किंवा मुद्दाम लावलेली काडी ते सगळे बी एका दुपारी संपवू शकते. पाऊस पडला, बी रुजले, तरी धोका टळत नाही, कारण पुढच्या उन्हाळ्यात वीतभर रोपांच्या डोक्यावर मेलेल्या काठ्यांचे सरपण तसेच उभे असते. डिसेंबर 2018 मध्ये दिंडोशी-आरेच्या डोंगरावर लागलेली आग मुंबईने खिडक्यांतून पाहिली. 2016 च्या फुलोऱ्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्या आगीत कारवीची किती रोपे गेली, हा प्रश्न तेव्हा विचारलेला मला आठवत नाही. तोच तो नसलेला रकाना.

म्हणून माझे म्हणणे असे, की फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) वेळेवर काढाव्यात, राखणीला पाड्यांवरच्याच तरुणांना मजुरी देऊन बसवावे, आणि पुढचा पावसाळा संपून बी रुजल्याची खात्री झाली की मेलेल्या काठ्या नेण्याची मुभा त्याच पाड्यांना द्यावी. पाऊस खाल्लेली काठी कुडाला कमी टिकते हे खरे आहे. पण मांडवाला, परसाच्या कुंपणाला आणि चुलीला ती उत्तम चालते, आणि ती उचलली गेली की तेवढे सरपण आगीच्या तोंडून कमी होते. कुडासाठी लागणारी जून, सरळ काठी ठरावीक पट्ट्यांतून, पट्टे आलटून-पालटून, मधल्या वर्षांत घेऊ देता येईल. यात डोक्यावरच्या मोळीची मर्यादा असावी आणि टेम्पोला बंदी असावी. टेम्पो आला की व्यापारी आला, आणि व्यापारी आला की पाड्याचे नाव आणि दुसऱ्याचा खिसा हा खेळ सुरू होतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की राष्ट्रीय उद्यानात एकदा दार किलकिले केले तर ते पुढे सताड उघडते. ही भीती मी हलकी मानत नाही. मुंबईसारख्या शहरात, जिथे जंगलाच्या भिंतीला टेकून इमारती उभ्या आहेत, तिथे तर ती रास्तच आहे. मात्र ज्या जंगलाखालून बोगदे नेण्याचे प्रकल्प आपण मंजूर करतो, त्या जंगलात पाड्यावरच्या बाईच्या डोक्यावरची मोळी हाच दाराचा पहिला किलकिलेपणा ठरावा, हे मला पटत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, की झुडपे लाखोंनी असतात, ती मोजणार कशी? एकेक मोजायचीच नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ठरावीक मापाची चौकट जमिनीवर टाकून आतली झुडपे मोजतो, अशा काही चौकटींवरून पूर्ण उताराचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज क्षेत्रफळात मांडतो. मुंबईच्या महाविद्यालयांची मुले हा अभ्यास वर्षानुवर्षे करत आली आहेत. वृक्षतोडीच्या किंवा वृक्षारोपणाच्या प्रत्येक प्रस्तावात ‘झुडपी आच्छादन, चौरस मीटरमध्ये’ आणि ‘त्यातील कारवीचे वय’ असे दोन रकाने घालायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. वय शोधणे तर आणखी सोपे आहे, कारण एका रानातली कारवी बहुतेक एकाच वयाची असते आणि फुलोऱ्याचे वर्ष ठाऊक असते.

केरळने 2006 मध्ये इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीमला अभयारण्य घोषित केले. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी ही आपल्या कारवीची सख्खी चुलत बहीण. तिच्या नावाचे अभयारण्य झाले म्हणून तिथले सगळे प्रश्न सुटले असे नाही. जमिनीच्या मालकीचे वाद तिथेही आहेतच. पण एका झुडपाच्या नावाने शासन जमीन राखू शकते, एवढे त्यावरून दिसते. मुंबईत वेगळे अभयारण्य मागण्याची गरज नाही, कारण जंगल आधीच राखीव आहे. राखणाऱ्यांच्या नोंदवहीत झाडाखालच्या ओळीला जागा हवी आहे.

2032 ला फुले येतील तेव्हा पुन्हा पहाटेच्या गाड्या भरतील, आणि ते वाईट नाही. त्याआधीची कामे मात्र आताच्या, बिनफुलांच्या वर्षांतली आहेत. कोणत्या उतारांवर खड्डे घ्यायचे नाहीत, कोणत्या पाड्याला कोणता पट्टा द्यायचा, एका घराला किती मोळ्या द्यायच्या आणि 2033 च्या उन्हाळ्यात राखणीला किती माणसे बसवायची, हे सगळे 2032 च्या गणपतीच्या आत कागदावर यायला हवे. एकदा कान्हेरीचा चढ जांभळा झाला की काठीबद्दल बोलायला कोणाला सवड असणार नाही.